अचानक बिघडलेलं वागणं आणि अँटीबॉडी तपासणी : सँपल कधी, कोणतं, किती आणि कसं पाठवायचं

तीन-चार दिवस ताप आणि डोकेदुखी. मग झोप उडते, बोलणं असंबद्ध होतं, घरच्याच माणसांवर संशय येऊ लागतो. कुणी म्हणतं अभ्यासाचं टेन्शन, कुणी म्हणतं बाहेरचं काहीतरी असेल. दोन-तीन आठवड्यांत मुलगी बोलायचीच थांबते, ओठ आणि जीभ विचित्र हलत राहतात आणि एक दिवस फिट येते. हे वर्णन एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिसचं, म्हणजे मेंदूला येणाऱ्या एका प्रकारच्या सुजेचं आहे. शरीराने स्वतःच तयार केलेल्या अँटीबॉडी मेंदूच्या पेशींवरच्या या रिसेप्टरला, म्हणजे संदेश झेलणाऱ्या प्रथिनाला चिकटतात, पेशी तो रिसेप्टर आत ओढून घेते आणि संदेशवहन विस्कटतं. तेव्हा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काम करणारे जोसेप दालमाउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली १२ स्त्रियांमध्ये हा आजार ओळखून दाखवला. त्या सगळ्यांना टेराटोमा नावाची गाठ होती, बहुतेकींना अंडाशयात. पुढच्याच वर्षी त्यांनी १०० रुग्णांची माहिती मांडली. त्यातले ७७ जण सुरुवातीला मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले होते.

म्हणजे हा आजार पहिल्यांदा मनोविकाराच्या ओपीडीत येतो. तिथे तो ओळखला गेला तर बरं होण्याची शक्यता चांगली आहे. २०१३ च्या ५७७ रुग्णांच्या अभ्यासात, ज्यांचा दोन वर्षं पाठपुरावा होऊ शकला त्यांच्यापैकी ८१ टक्के रुग्ण स्वतःची कामं स्वतः करण्याइतके सावरले होते. ओळखला गेला नाही तर तोच रुग्ण महिनोन्‌महिने चुकीच्या गोळ्यांवर राहतो.

हा मजकूर तालुक्या-जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणारे डॉक्टर, निवासी डॉक्टर, लॅबमधले तंत्रज्ञ आणि रुग्णाबरोबर धावपळ करणारे नातेवाईक यांच्यासाठी आहे. अँटीबॉडी तपासणी महाग आहे, रिपोर्ट उशिरा येतो आणि सँपल चुकलं की पैसे आणि दिवस दोन्ही वाया जातात. बहुतेक चुका मशीनवर होत नाहीत, त्या सँपल लॅबमध्ये पोचण्याआधीच झालेल्या असतात.

कुणाची तपासणी करायची

२०१६ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी 'संभाव्य ऑटोइम्यून एन्सेफलायटिस' (शरीराच्याच प्रतिकारशक्तीमुळे येणारी मेंदूची सूज) म्हणण्यासाठी निकष ठरवले. ते खाटेपाशी उभं राहूनही वापरता येतात. पहिली अट वेळेची: तीन महिन्यांच्या आत वेगाने स्मरणशक्ती ढासळणं, भान बदलणं किंवा मानसिक लक्षणं सुरू होणं. दुसरी अट पुराव्याची: नव्याने आलेल्या फिट्स, एका बाजूची कमजोरी यासारखी मेंदूची नवी खूण, पाठीच्या पाण्यात दर घनमिलिमीटरला ५ पेक्षा जास्त पांढऱ्या पेशी किंवा एमआरआयमध्ये सूज, यांपैकी किमान एक गोष्ट. तिसरी अट: दुसरं कारण बऱ्यापैकी नाकारलेलं हवं.

मानसिक लक्षणं घेऊन आलेल्या रुग्णात काही गोष्टी दिसल्या की थांबून विचार करा. पूर्वी कधीच मानसिक त्रास नव्हता आणि काही दिवसांतच सगळं बिघडलं. रुग्ण थिजल्यासारखा एकाच अवस्थेत राहतो, ज्याला कॅटाटोनिया म्हणतात. बोलणं कमी होत होत बंद पडतं. तोंडाच्या किंवा हातांच्या अनैच्छिक हालचाली होतात. नाडी आणि रक्तदाब कारण नसताना वर-खाली होतात. हॅलोपेरिडॉलसारखं मनोविकारावरचं औषध दिल्यावर अंग ताठ होऊन ताप चढतो. सोडियम कमी येतं. यातल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तरी ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद) आणि पाठीच्या पाण्याची तपासणी टाळू नये.

पन्नाशीपुढच्या रुग्णात चित्र वेगळं असतं, आणि ते सहज निसटतं. एलजीआय-१ या मेंदूतल्या दुसऱ्या प्रथिनाविरुद्धच्या अँटीबॉडीच्या आजारात चेहऱ्याची एक बाजू आणि त्याच बाजूचा हात एखाद-दोन सेकंद झटकन आखडतो. हातातला चहाचा कप सांडतो आणि लगेच सगळं नेहमीसारखं होतं. दिवसातून हे पन्नास वेळाही होऊ शकतं. घरचे त्याला 'हात झटकण्याची सवय' म्हणतात. त्यातच विसरभोळेपणा, चिडचिड आणि रक्तात सोडियम कमी. असा झटका आला की नातेवाइकांनी मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवावा. दहा मिनिटांच्या तोंडी वर्णनापेक्षा पंधरा सेकंदांचा व्हिडिओ न्यूरोलॉजिस्टला जास्त सांगतो.

मग प्रत्येक पहिल्या सायकोसिसच्या रुग्णाचं सँपल का पाठवू नये? समजण्यासाठी एक हिशेब मांडू, आकडे कल्पित आहेत. १००० रुग्णांची सरसकट रक्त तपासणी केली आणि त्यात खरा आजार ५ जणांनाच आहे असं धरू. तपासणीने त्यातले ४ पकडले. उरलेल्या ९९५ पैकी फक्त १ टक्का चुकून पॉझिटिव्ह आले तरी ते १० होतात. १४ पॉझिटिव्ह रिपोर्टपैकी १० खोटे! आता वर सांगितलेल्या खुणा असलेलेच १००० रुग्ण घ्या आणि त्यातल्या ३०० जणांना आजार आहे असं धरा. तीच तपासणी आता २४० खरे पॉझिटिव्ह देईल आणि खोटे ७. मशीन तेच, किट तेच, फक्त रुग्ण निवडून घेतले. खोटा पॉझिटिव्ह म्हणजे नुसता चुकीचा कागद नाही. त्यापायी एखाद्या निरोगी मेंदूच्या माणसाला महिनोन्‌महिने स्टेरॉइड आणि रिटक्सिमॅब ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली जातात.

अँटीबॉडीच्या आधी कराव्यात अशा तपासण्या

सोडियम, साखर, किडनी, लिव्हर, थायरॉइड, बी-१२, एचआयव्ही, व्हीडीआरएल आणि मलेरिया. पाऊस संपतानाच्या दिवसांत डेंग्यू आणि स्क्रब टायफस. विदर्भात जपानी मेंदूज्वर मनात ठेवावा, सिंधुदुर्ग-गोव्याच्या सीमाभागात माकडताप. तरुण रुग्णात विल्सन आजारासाठी (शरीरात तांबं साठतं तो) रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन, लहान मुलात गोवराचा पूर्वेतिहास विचारून एसएसपीई, म्हणजे गोवरानंतर काही वर्षांनी होणारा मेंदूचा आजार. आपल्याकडे क्षयाचा मेंदूज्वर तर कायम डोक्यात हवा, कारण स्टेरॉइड आणि रिटक्सिमॅब सुरू करायच्या आधी तो नाकारावाच लागतो. भांग आणि इतर नशेबद्दल घरच्यांसमोर नाही, रुग्णाला किंवा मित्रांना एकटं गाठून विचारा.

ईईजी स्वस्त आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी होतो. मूळ आजार निव्वळ मनोविकार असेल तर ईईजी बहुधा नॉर्मल असतो. एन्सेफलायटिसमध्ये तो बहुधा मंदावलेला दिसतो. एमआरआय नॉर्मल आला म्हणून फाइल बंद करू नका. एनएमडीए रिसेप्टरच्या आजारात निम्म्याहून जास्त रुग्णांचा पहिला एमआरआय नॉर्मलच असतो.

कोणती तपासणी लिहायची

इथे नावांचा गोंधळ फार होतो. 'ऑटोइम्यून प्रोफाइल' एवढंच लिहिलं तर लॅब एएनए (ल्यूपससारख्या आजारांसाठीची अँटीबॉडी तपासणी) करून मोकळी होते. 'पॅरानिओप्लास्टिक प्रोफाइल' लिहिलं तर हु, यो, री, एमए-२ अशा अँटीबॉडींची पट्टीवरची तपासणी होते. त्यांचं लक्ष्य पेशीच्या आत असतं आणि त्यांचा संबंध मुख्यतः कर्करोगाशी. आपल्याला सहसा हव्या असतात पेशीच्या पृष्ठभागावरच्या अँटीबॉडी. कागदावर स्पष्ट लिहा: 'ऑटोइम्यून एन्सेफलायटिस मोझॅक, सेल-बेस्ड पद्धत, आयजीजी, सीरम आणि सीएसएफ दोन्ही'. सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारा द्रव, सीएसएफ म्हणजे पाठीतलं पाणी. अनेक अँटीबॉडी एकत्र शोधणाऱ्या या मोझॅकमध्ये साधारणपणे सहा गोष्टी असतात: एनएमडीए रिसेप्टर, ॲम्पा-१, ॲम्पा-२, गाबा-बी, एलजीआय-१ आणि कॅस्पर-२. लॅबला फोन करून या सहा आहेत ना, हे विचारून घ्या. मोठ्या खासगी लॅबची कलेक्शन सेंटर ही तपासणी घेतात. बंगळुरूच्या निम्हान्समध्येही ती होते.

आयजीजी हा अँटीबॉडीचा एक प्रकार, आणि तो शब्द मुद्दाम लिहिला आहे. एनएमडीए रिसेप्टरच्या आयजीए आणि आयजीएम अँटीबॉडी निरोगी माणसांतही सापडतात, त्यांच्यावरून निदान करायचं नसतं. तसंच 'व्हीजीकेसी अँटीबॉडी' ही जुनी तपासणी आता मागू नका. त्या नावाखाली जे सापडायचं त्यातलं खरं लक्ष्य एलजीआय-१ आणि कॅस्पर-२ आहे, हे २०१० पासून माहीत आहे. ही दोन्ही निगेटिव्ह आणि व्हीजीकेसी एकटी पॉझिटिव्ह असेल तर तिला अर्थ नाही.

काचेच्या त्या चिपवर नेमकं काय होतं, हे एकदा समजलं की रिपोर्ट वाचणं सोपं जातं. नखाच्या तुकड्याएवढ्या काचेवर एचईके-२९३ नावाच्या पेशी चिकटवलेल्या असतात. त्यांच्यात एनएमडीए रिसेप्टरचं जनुक घातलेलं असतं, म्हणून त्या तो रिसेप्टर आपल्या पृष्ठभागावर बनवतात. शेजारच्या तुकड्यावर त्याच पेशी, पण जनुकाशिवाय. सीरम १० पट पातळ करून आणि सीएसएफ बहुधा तसंच या तुकड्यांवर टाकतात, धुतात, मग माणसाच्या आयजीजीला चिकटणारा हिरवा चमकणारा रंग टाकतात आणि फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. खऱ्या पॉझिटिव्हमध्ये काळ्या पार्श्वभूमीवर काही पेशी हिरव्या उजळतात आणि बाकीच्या अंधारात राहतात, कारण सगळ्याच पेशींनी जनुक घेतलेलं नसतं. शेजारचा कोरा तुकडा पूर्ण काळा हवा. तोही हिरवट दिसला तर ते रक्तातलंच काहीतरी चिकटलंय, आजार नव्हे. हे सगळं तंत्रज्ञाच्या डोळ्यांनी ठरतं, म्हणून 'वीक पॉझिटिव्ह' या दोन शब्दांकडे सावधपणे पाहावं.

रक्ताचं सँपल

५ मिलिलिटर रक्त प्लेन बल्बमध्ये किंवा जेलच्या पिवळ्या बल्बमध्ये घ्या. ईडीटीए बल्ब नको. बल्ब उभा ठेवून अर्धा तास गोठू द्या, सुमारे १० मिनिटं सेंट्रिफ्यूज करा आणि वरचं सीरम, साधारण २ मिलिलिटर, स्क्रू-कॅपच्या छोट्या ट्यूबमध्ये काढा. घाईने गोठायच्या आधी फिरवलं किंवा बारीक सुईने जोर लावून ओढलं तर पेशी फुटून सीरम लालसर होतं. असं सीरम पाठवू नका, पुन्हा घ्या. सीरम वेगळं न करता बल्ब तसाच रात्रभर कुरियरने पाठवणं ही नेहमीची चूक आहे.

वेळेबाबत एकच कडक नियम: आयव्हीआयजी (शिरेतून दिल्या जाणाऱ्या अँटीबॉडी) आणि प्लाझ्मा एक्सचेंज (रक्तातला द्रव भाग बदलणं) यांच्या आधी सँपल घ्या. आयव्हीआयजी हजारो रक्तदात्यांच्या अँटीबॉडी एकत्र करून बनवलेलं असतं. त्यातल्या गॅड-६५ नावाच्या प्रथिनाविरुद्धच्या, थायरॉइडच्या वगैरे अँटीबॉडी रुग्णाच्या रक्तात दिसतात आणि रिपोर्ट खोटा पॉझिटिव्ह येतो. प्लाझ्मा एक्सचेंजने उलट होतं, खरी अँटीबॉडी धुऊन निघते. स्टेरॉइडचे एक-दोन डोस झाले असतील तर अँटीबॉडीवर फारसा परिणाम होत नाही, मात्र पाठीच्या पाण्यातल्या पेशी कमी दिसू शकतात.

आयव्हीआयजी आधीच दिलं गेलं असेल तर एक उपाय उरतो. रुग्ण दाखल झाला त्या दिवशी कावीळ-किडनीच्या तपासण्यांसाठी घेतलेलं सीरम बऱ्याच लॅबमध्ये काही दिवस फ्रिजमध्ये असतं. लगेच फोन करून ते राखून ठेवायला सांगा.

पाठीतलं पाणी

नातेवाईक सगळ्यात जास्त इथे अडतात. 'पाठीतलं पाणी काढलं की माणूस कायमचा अधू होतो' ही भीती खरी वाटते, तिला खोडून काढण्यापेक्षा आकडे सांगावेत. मोठ्या माणसाच्या मेंदू-मणक्याभोवती सुमारे १५० मिलिलिटर पाणी असतं आणि शरीर रोज साधारण ५०० मिलिलिटर नवीन बनवतं. आपण घेतो १२ ते १५ मिलिलिटर, म्हणजे तासाभरात भरून येईल एवढं. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या पातळीला संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधून जाते. तिथे फक्त मज्जातंतूंचे धागे पाण्यात तरंगत असतात आणि ते सुईपासून बाजूला सरकतात. काही जणांना दोन-तीन दिवस डोकं दुखतं, उठून बसलं की वाढतं आणि झोपलं की कमी होतं. पेन्सिलच्या टोकासारखी सुई वापरली तर हे बरंच टळतं. सहा तास उताणं झोपवून ठेवल्याने ते टळतं असं मात्र नाही.

काढण्याआधी प्लेटलेट आणि आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) पाहा, रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का विचारा. शुद्ध कमी असेल किंवा एका बाजूची कमजोरी असेल तर आधी सीटी किंवा एमआरआय. रुग्ण संमती देण्याच्या अवस्थेत नसेल तर जवळच्या नातेवाइकाला वर लिहिलंय तसं शांतपणे समजावून सही घ्या. आणि पाणी काढायच्या लगेच आधी रक्तातली साखर घ्या. ती नसेल तर पाण्यातल्या साखरेचा आकडा वाचता येत नाही, आणि क्षयाच्या मेंदूज्वराचा सगळ्यात सोपा धागा तोच असतो.

वाटणी अशी करावी. पहिल्या ट्यूबमध्ये साखर आणि प्रोटीनसाठी १ ते २ मिलिलिटर. सुरुवातीच्या थेंबांत सुईने लागलेलं रक्त असण्याची शक्यता जास्त, म्हणून ती अँटीबॉडीसाठी ठेवू नका. दुसरीत जीवाणू, जीनएक्सपर्ट (क्षयाच्या जंतूची तपासणी) आणि विषाणूंच्या पीसीआरसाठी ५ ते ६. क्षयाचा जंतू कमी पाण्यात सापडत नाही, इथे हात आखडू नका. तिसरीत पेशींसाठी १, आणि ती ट्यूब तासाभरात लॅबमध्ये पोचली पाहिजे, कारण पेशी विरघळू लागतात. चौथीत अँटीबॉडी मोझॅकसाठी २. पाचवीत २ मिलिलिटर राखीव, उणे २० अंशांवर.

ही पाचवी ट्यूब बहुतेक ठिकाणी ठेवली जात नाही. आठवड्याने मोझॅक निगेटिव्ह येतो, न्यूरोलॉजिस्ट आणखी एक तपासणी सुचवतात आणि रुग्णाला पुन्हा सुई घ्यावी लागते, तीही उपचार सुरू झाल्यावर, जेव्हा पाणी आधीसारखं राहिलेलं नसतं. २ मिलिलिटर बाजूला काढून ठेवायला एक मिनिटही लागत नाही.

आता दोन्ही सँपल का? एनएमडीए रिसेप्टरच्या २५० रुग्णांच्या २०१४ च्या अभ्यासात सगळ्यांच्या सीएसएफमध्ये अँटीबॉडी सापडली, पण रक्तात सुमारे ८६ टक्क्यांच्याच. नुसतं रक्त पाठवलं तर सातातला एक रुग्ण निसटतो. एलजीआय-१ आणि कॅस्पर-२ मध्ये उलट, तिथे रक्त जास्त भरवशाचं आणि सीएसएफ बऱ्याचदा निगेटिव्ह. रुग्णाला यातलं कोणतं आहे ते आधी माहीत नसतं, म्हणून जोडी पाठवायची.

पॅकिंग आणि कागद

दोन ट्यूबवर 'सीरम' आणि 'सीएसएफ' ठळक लिहा. दोन्ही द्रव स्वच्छ आणि पातळ पिवळसर-पांढरे दिसू शकतात आणि लॅबमध्ये दोघांची पातळ करण्याची पद्धत वेगळी असते. अदलाबदल झाली तर रिपोर्ट उलटा येतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. नाव, वय, नोंदणी क्रमांक, तारीख आणि वेळ लिहा. झाकणाभोवती पॅराफिल्म किंवा चिकटपट्टी गुंडाळा, ट्यूब प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कापसासह डब्यात, डबा थर्मोकोलच्या पेटीत जेल आइस पॅकसह. २ ते ८ अंश हवं. ट्यूब बर्फाला थेट टेकवू नका. गोठवलेलं सँपल पाठवत असाल तर ते वाटेत वितळून पुन्हा गोठता कामा नये. शनिवारी किंवा दिवाळी-गणपतीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी कुरियर करू नका, पेटी गोदामात पडून राहते. त्यापेक्षा फ्रिजमध्ये ठेवून कामाच्या दिवशी पाठवा.

मागणीपत्रावर चार ओळी लिहा: लक्षणं किती दिवसांची, फिट आहे का, ईईजी-एमआरआय काय, आणि आयव्हीआयजी, प्लाझ्मा एक्सचेंज किंवा स्टेरॉइड कधी दिलं. सूक्ष्मदर्शकाखाली संशयास्पद हिरवा रंग दिसला तर लॅबचे डॉक्टर याच चार ओळींवरून तपासणी पुन्हा करायची की नाही ते ठरवतात.

रिपोर्टची वाट पाहत बसू नका

सँपल निघालं की रिपोर्टला आठवडाभर तरी लागू शकतो. तेवढे दिवस रुग्णाला तसंच ठेवायचं नसतं. विषाणूजन्य मेंदूज्वराची शंका असेल तर असायक्लोव्हिर लगेच सुरू होतं. हर्पिसचा पीसीआर पहिल्या तीन दिवसांत खोटा निगेटिव्ह येऊ शकतो, शंका दाट असेल तर काही दिवसांनी पुन्हा करावा. जंतुसंसर्ग बऱ्यापैकी नाकारला गेला आणि चित्र ऑटोइम्यूनचं असेल तर न्यूरोलॉजिस्ट रिपोर्टआधीच उपचार सुरू करतात: शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन रोज १ ग्रॅम ३ ते ५ दिवस, सोबत आयव्हीआयजी एकूण दर किलोला २ ग्रॅम, ५ दिवसांत विभागून. ६० किलोच्या रुग्णाला हे १२० ग्रॅम होतं आणि खर्च मोठा येतो. दाखल झाल्या दिवशीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला किंवा समाजसेवा अधीक्षकांना गाठून कोणत्या योजनेत काय बसतं ते विचारा. डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग होत नाही. थिजलेल्या रुग्णात लोराझेपाम उपयोगी पडतं, हॅलोपेरिडॉलचा डोस वाढवत नेणं धोक्याचं.

रिपोर्ट हातात आल्यावर

सीएसएफमध्ये एनएमडीए रिसेप्टर पॉझिटिव्ह आणि लक्षणं जुळतात: निदान पक्कं. रक्तात पॉझिटिव्ह, सीएसएफ निगेटिव्ह: एनएमडीए असेल तर शंका घ्या, एलजीआय-१ असेल आणि लक्षणं जुळत असतील तर विश्वास ठेवा. कॅस्पर-२ रक्तात अगदी कमी प्रमाणात असेल तर ते बऱ्याचदा निरर्थक असतं. रक्त एकटंच 'वीक पॉझिटिव्ह' आणि रुग्णाचं चित्र जुळत नाही, तर तपासणी पुन्हा करा, शक्य असेल तर उंदराच्या मेंदूच्या कापावर केली जाणारी तपासणी मागा. दोन वेगळ्या पद्धती एकच सांगत असतील तरच पुढे जा.

सगळ्यात जास्त दिशाभूल अँटी-टीपीओ करते. थायरॉइडची ही अँटीबॉडी साध्या निरोगी माणसांतही, विशेषतः स्त्रियांत, सर्रास सापडते. टीपीओ वाढलं म्हणून नैराश्याला 'हाशिमोटो एन्सेफलोपथी' म्हणून स्टेरॉइड सुरू करू नका. पाण्यात पेशी नाहीत, ईईजी नॉर्मल, एमआरआय नॉर्मल, तर मेंदूला सूज आहे असं म्हणायला आधार कुठे आहे? एएनएचंही तसंच. १:८० पातळीला तो दर १०० निरोगी माणसांत सुमारे १३ जणांत पॉझिटिव्ह येतो. सांधे, त्वचा, लघवीतलं प्रोटीन यांची खूण असेल तरच ल्यूपसच्या वाटेने जा. गॅड-६५ टाइप-१ मधुमेहात कमी पातळीला असतंच. मेंदूच्या आजारात ते बहुधा फार वर, एलायझा पद्धतीने १०,००० युनिटांच्या पुढे असतं. पॅरानिओप्लास्टिक पट्टीवर यो किंवा तत्सम काही फिकट दिसलं आणि लक्षणं जुळत नाहीत, तर आधी दुसऱ्या पद्धतीने खात्री, मग कर्करोगाचा शोध.

सहा अमेरिकी आणि युरोपीय केंद्रांनी चुकून ऑटोइम्यून एन्सेफलायटिस ठरवलेल्या १०७ प्रौढांची माहिती २०२३ च्या सुमारास मांडली. प्रत्यक्षात त्यांच्यापैकी जवळपास चौथा हिस्सा फंक्शनल विकाराचे (लक्षणं खरी, पण मेंदूत सूज किंवा इजा नाही) निघाले, आणि बाकीच्यांत स्मृतिभ्रंश व मनोविकारही होते. अनेकांची चूक रक्तातल्या अशाच ढोबळ अँटीबॉडीवरून झाली होती.

आणि सगळं निगेटिव्ह आलं तर? आजार नाही असं ठरत नाही. आपण सहा अँटीबॉडी शोधल्या, ज्ञात यादी त्याहून लांब आहे आणि काही अजून सापडायच्या आहेत. पाण्यात पेशी असतील, ईईजी मंद असेल, दुसरं कारण मिळत नसेल तर न्यूरोलॉजिस्ट अँटीबॉडीशिवायही निदान करून उपचार करू शकतात. राखीव ट्यूब इथे कामाला येते.

पॉझिटिव्हनंतर

एनएमडीए रिसेप्टरसाठी स्त्रियांत अंडाशयाची सोनोग्राफी आणि पेल्विक एमआरआय. ५७७ जणांच्या त्या अभ्यासात ३८ टक्के रुग्णांना गाठ होती, जवळजवळ सगळ्या स्त्रिया. अविवाहित मुलीची सोनोग्राफी पोटावरून होते, आईला हे आधीच सांगितलं तर अर्धी अडचण संपते. गाठ मिळाली तर ती काढणं हा उपचाराचाच भाग. पहिल्यांदा मिळाली नाही तर मोठ्या मुली आणि स्त्रियांत दर ६ महिन्यांनी, साधारण २ ते ४ वर्षं पुन्हा पाहतात. गाबा-बी असेल तर छातीचा सीटी, कॅस्पर-२ असेल तर थायमस ग्रंथी. हर्पिसच्या मेंदूज्वरातून सावरलेला रुग्ण दोन महिन्यांच्या आत पुन्हा बिघडला तर हर्पिस उलटला असं गृहीत न धरता सीएसएफमध्ये एनएमडीए अँटीबॉडी तपासा. जपानी मेंदूज्वरानंतरही हे घडल्याची उदाहरणं आहेत.

दर महिन्याला अँटीबॉडी मोजत बसू नका. रुग्ण कॉलेजला जाऊ लागला, झोप-बोलणं पूर्ववत झालं तरी अँटीबॉडी बराच काळ पॉझिटिव्ह राहू शकते. तो आकडा पाहून औषध वाढवायचं नसतं. साधारण १२ टक्के रुग्णांत दोन वर्षांच्या आत आजार उलटतो. तशी शंका आली तर नव्याने सीएसएफ घ्या, आधीच्या लॅबलाच पाठवा आणि पहिल्या वेळी गोठवून ठेवलेली ट्यूब शिल्लक असेल तर दोन्ही एकाच दिवशी, शेजारी-शेजारी तपासायला सांगा. त्यासाठी डिस्चार्ज कार्डावर लॅबचं नाव, तपासणीची पद्धत, दोन्ही सँपलचे स्वतंत्र निकाल आणि राखीव ट्यूब कुठल्या फ्रीझरमध्ये आहे, हे लिहून घ्या.